ब्राउझरमधून प्रोसेसरची चाचणी : पेडणे-डिचोलीच्या संगणकांसाठी एक आढावा

ब्राउझरमधली प्रोसेसर-चाचणी म्हणजे एक वेबपान. ते उघडले की त्यातला जावास्क्रिप्टचा किंवा वेबअसेम्ब्लीचा प्रोग्राम समोरच्याच संगणकावर उतरतो, नेमून दिलेली कामे करतो, प्रत्येक कामाला किती वेळ लागला ते टिपतो आणि शेवटी एक आकडा दाखवतो. त्यासाठी काही इन्स्टॉल करावे लागत नाही, अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागत नाही आणि परवाना विकत घ्यावा लागत नाही. संगणक आहेत, पण त्यांची देखभाल करणारा माणूस बोलावल्यावरच येतो, अशा जागी हीच चाचणी सर्वांत आधी हाताशी असते.

उत्तर गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत अशा जागा पुष्कळ आहेत. गावोगावच्या शाळा आणि पंचायती आहेत, पतसंस्था आहेत, विर्नोड्याचे संत सोहिरोबानाथ आंबिये सरकारी महाविद्यालय आहे, साखळीचे सरकारी महाविद्यालय आहे, डिचोलीचे सरकारी तंत्रनिकेतन आहे. या ठिकाणच्या संगणकांवरचे बरेचसे काम आज ब्राउझरमध्येच होते. जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढायचा असो, ‘गोवा ऑनलाइन’ या सरकारी पोर्टलवर दाखल्याचा अर्ज भरायचा असो किंवा प्रवेशाची यादी पाहायची असो, शेवटी एक टॅबच उघडावा लागतो. सहावी ते आठवीच्या मुलांना कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवणारी ‘केअर्स’ ही राज्याची योजना आल्यापासून शाळेच्या लॅबवरचा भारही वाढला. मुलांना कोडिंगची ओळख करून देणारे सर्वांत प्रसिद्ध साधन म्हणजे स्क्रॅच. त्याची तिसरी आवृत्ती जानेवारी २०१९ मध्ये आली, तेव्हा जुने फ्लॅश गेले आणि सगळा कारभार जावास्क्रिप्टवर आला. स्क्रॅचचे पडद्यावरचे मांजर अडखळत चालू लागले, तर त्यामागे प्रोसेसर आणि ब्राउझर या दोघांचाही हात असतो.

पहिला घोळ होतो तो इथेच. लॅबमध्ये पान उघडायला वेळ लागला की ‘नेट स्लो आहे’ असे म्हटले जाते, आणि गावातली रेंज पाहता ते अनेकदा खरेही असते. पण नेटचा वेग मोजणारी पाने आणि प्रोसेसर मोजणारी पाने वेगळी. नेटच्या चाचणीत सर्व्हरकडून डेटा किती झपाट्याने येतो ते पाहतात. प्रोसेसरच्या चाचणीत प्रोग्राम आधी पूर्ण उतरवून घेतात आणि मोजणी त्यानंतर सुरू होते. नेट संथ असेल तर चाचणी सुरू व्हायला उशीर लागेल, गुणांवर मात्र त्याचा फारसा परिणाम होऊ नये. दोन्ही चाचण्या एकामागोमाग घेतल्या, तर दोष वायरमध्ये आहे की पेटीत, हे दहा मिनिटांत कळते.

प्रोसेसरच्या चाचणीवर नेहमी एक आक्षेप घेतला जातो. ब्राउझरमधला आकडा प्रोसेसरचा एकट्याचा नसतो. ब्राउझर, ऑपरेटिंग सिस्टीम, विजेची सोय, प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकमध्ये साचलेली धूळ या सगळ्यांचा वाटा त्यात असतो. आक्षेप खरा आहे, पण त्यामुळे चाचणी निरुपयोगी ठरत नाही. ज्या शिक्षकाचे किंवा पंचायत सचिवाचे सगळे काम ब्राउझरमध्ये चालते, त्याला या सगळ्यांचा मिळून होणारा वेगच हवा असतो. त्या आकड्यातून चिपबद्दल काही म्हणायचे असेल, तर मात्र बाकीच्या गोष्टी एकेक करून बाजूला काढाव्या लागतात, आणि या विषयातले खरे कौशल्य तेच आहे.

मोजणीचा इतिहास

संगणकाचा वेग ठरावीक प्रोग्रामने मोजण्याची पद्धत ब्राउझरच्या कितीतरी आधीची. व्हेटस्टोन ही दशांशाच्या आकडेमोडीची चाचणी १९७२ मधली, ड्राइस्टोन ही पूर्णांकांची चाचणी १९८४ मधली. १९८८ मध्ये संगणक कंपन्यांनी मिळून ‘स्पेक’ ही संस्था उभी केली आणि खऱ्या कामांवर बेतलेल्या चाचण्या ठरवल्या. महासंगणकांसाठी लिनपॅक वापरतात. पुण्यातल्या ‘एका’ या महासंगणकाने नोव्हेंबर २००७ मध्ये ११७.९ टेराफ्लॉप्स मिळवून जगात चौथा क्रमांक पटकावला, तो याच चाचणीवर. पुढच्याच महिन्यात, डिसेंबर २००७ मध्ये, अ‍ॅपलच्या वेबकिट गटाने ‘सनस्पायडर’ प्रसिद्ध केली आणि ब्राउझरमधल्या चाचण्यांचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले.

सनस्पायडर घडली ती ब्राउझरांची स्पर्धा लावण्यासाठी. प्रोसेसर जोखण्यासाठी तिचा उपयोग लोकांनी नंतर केला. २००८ मध्ये गूगलने क्रोम आणला, त्याच्याबरोबर व्ही-एट हे इंजिन आणि त्याची स्वतःची चाचणी आली. मोझिलाने २०१० मध्ये ‘क्रॅकन’ काढली, गूगलने २०१२ मध्ये ‘ऑक्टेन’. प्रत्येक कंपनीचा ब्राउझर आपापल्या चाचणीत चमकत असे, यात नवल नव्हते.

या स्पर्धेतला एक प्रसंग आजही शिकवण्याजोगा आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ९ च्या चाचणी-आवृत्तीने सनस्पायडरमधले ‘कॉर्डिक’ नावाचे गणित जवळजवळ शून्य वेळात सोडवले. मोझिलाच्या एका अभियंत्याने त्या प्रोग्राममध्ये निरर्थक ओळ घालून पाहिली, तर वेळ एकदम पूर्ववत झाला. फसवणुकीचा संशय घेतला गेला. मायक्रोसॉफ्टने खुलासा केला की त्या गणिताचे उत्तर पुढे कुठेच वापरले जात नव्हते, म्हणून इंजिनाने ते काम अनावश्यक ठरवून गाळले. खुलासा तांत्रिकदृष्ट्या शक्य कोटीतला होता. दोष चाचणीतही होता, कारण जे उत्तर कोणी वाचत नाही ते काढण्याची सक्ती इंजिनावर नसते.

ऑक्टेनची गत आणखी बोलकी. एप्रिल २०१७ मध्ये गूगलच्या व्ही-एट गटाने ती स्वतःच मागे घेतली. सगळ्या ब्राउझरांनी तिच्यासाठी इंजिने इतकी घासूनपुसून ठेवली होती की गुण वाढत होते, पण प्रत्यक्ष वेबपाने तेवढी वेगवान होत नव्हती. काही सुधारणा तर ऑक्टेनला फायद्याच्या आणि खऱ्या पानांना तोट्याच्या होत्या. आपलीच मोजपट्टी चुकते आहे हे कारणांसह जाहीर करणारी कंपनी विरळा, आणि त्या निर्णयाचे श्रेय द्यायलाच हवे.

आज वापरात असलेल्या चाचण्यांपैकी तीन महत्त्वाच्या. जेटस्ट्रीमची दुसरी आवृत्ती २०१९ मधली. तिच्यात ६४ छोटे प्रोग्राम आहेत, जावास्क्रिप्टबरोबर वेबअसेम्ब्लीही आहे आणि जड आकडेमोडीवर भर आहे. प्रिन्सिपल्ड टेक्नॉलॉजीज या संस्थेची वेबएक्सपीआरटी फोटो सुधारणे, मजकूर ओळखणे, आलेख काढणे अशी कार्यालयीन कामे करून पाहते. तिसरी स्पीडोमीटर. ती एक यादी उघडते, त्यात कामे भरते, ती पूर्ण झाल्याच्या खुणा करते आणि पुन्हा पुसते. हेच वेगवेगळ्या चौकटींत (फ्रेमवर्कमध्ये) लिहिलेल्या पानांवर पुन्हा पुन्हा घडते. पंचायतीतला कारकून ऑनलाइन अर्ज भरताना ब्राउझरकडून जे करवून घेतो त्याच्या सर्वांत जवळ जाणारी चाचणी हीच. मार्च २०२४ मध्ये आलेली तिची तिसरी आवृत्ती अ‍ॅपल, गूगल आणि मोझिला या प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र बसून केली, आणि त्यामुळे एखाद्या कंपनीच्या सोयीचा संशय बराच कमी झाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीच्या गुणांचे माप वेगळे आहे, त्यामुळे ते एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

आत काय घडते

प्रोसेसरला जावास्क्रिप्ट कळत नाही. ब्राउझरचे इंजिन ती वाचून टप्प्याटप्प्याने यंत्रभाषेत उतरवते. क्रोमच्या व्ही-एटमध्ये आज अशा चार पायऱ्या आहेत: इग्निशन ओळीओळीने अर्थ लावून काम सुरू करते, २०२१ मध्ये आलेली स्पार्कप्लग झटपट पण ओबडधोबड यंत्रभाषा बनवते, २०२३ मधली मॅगलेव्ह त्याहून चांगली, आणि जो भाग वारंवार चालतो त्याच्यावर टर्बोफॅन सर्वांत जास्त मेहनत घेते. फायरफॉक्स आणि सफारीची इंजिने निराळी, पण चढत्या पायऱ्यांचे तत्त्व तेच.

याचा परिणाम एका साध्या प्रयोगात डोळ्यांनी पाहता येतो. एका पानात एक कोटीपर्यंतच्या मूळ संख्या शोधण्याचा इरॅटोस्थेनिसच्या चाळणीचा प्रोग्राम लिहावा आणि तोच सलग पाच वेळा चालवून दर वेळचा वेळ छापावा. पहिल्या फेरीला सहसा जास्त वेळ लागतो, कारण इंजिन अजून खालच्या पायरीवर असते. पुढच्या फेऱ्यांत वेळ उतरतो आणि मग स्थिरावतो. प्रोसेसरचा कस पाहायचा असेल तर स्थिरावलेल्या फेऱ्या घ्याव्यात. पान उघडताना वाटणारी चपळाई मोजायची असेल तर पहिलीच फेरी खरी. या प्रयोगात पानाने उत्तरही छापले पाहिजे. एक कोटीच्या आत ६,६४,५७९ मूळ संख्या आहेत. तो आकडा पडद्यावर आला म्हणजे काम खरोखर झाले, कॉर्डिकसारखे गाळले गेले नाही, आणि बरोबर झाले. बारावीच्या संगणक विज्ञानाच्या मुलांना हा प्रोग्राम एका तासात लिहिता येतो. तयार चाचणीच्या गुणांपेक्षा त्यातून ती जास्त शिकतील.

वेबअसेम्ब्लीत हा वाक्यावाक्याचा अर्थ लावण्याचा भाग बराच कमी होतो. सी किंवा रस्टमध्ये लिहिलेला प्रोग्राम आधीच आटोपशीर रूपात आणलेला असतो. मार्च २०१७ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ती सुरू झाली आणि डिसेंबर २०१९ मध्ये अधिकृत मानक ठरली. चिपच्या जवळ जायचे तर हा मार्ग चांगला, तरी त्यालाही कुंपण आहे. एकाच सूचनेत अनेक आकडे हाताळण्याची सोय वेबअसेम्ब्लीत साधारणपणे १२८ बिटांपुरतीच मिळते. मोठ्या प्रोसेसरांत २५६ किंवा ५१२ बिटांची यंत्रणा असली तरी ब्राउझरमधून ती पूर्णपणे वापरली जात नाही. व्हिडिओ रेंडरिंगसाठी महागडा संगणक घेणाऱ्याने म्हणूनच ब्राउझरच्या गुणांवर भिस्त ठेवू नये.

वेळ मोजणारे घड्याळही आता पूर्वीइतके बारीक नाही, आणि ते मुद्दाम जाडेभरडे केलेले आहे. ३ जानेवारी २०१८ रोजी मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या उणिवा जाहीर झाल्या. अत्यंत सूक्ष्म वेळ मोजता आला तर एखादे वेबपान संगणकाच्या स्मृतीतली गुपिते हुडकू शकते, हे सिद्ध झाले. ब्राउझरांनी ताबडतोब घड्याळाची सूक्ष्मता कमी केली. आज साध्या पानाला क्रोममध्ये सुमारे १०० मायक्रोसेकंदांपर्यंत, तर फायरफॉक्स आणि सफारीत साधारण १ मिलिसेकंदापर्यंतच वेळ कळतो. पाच मिलिसेकंदांचे काम अशा घड्याळाने मोजले, तर २० टक्क्यांची चूक सहज होईल; तेच काम दोनशे वेळा करून एक सेकंदाचे केले, तर चूक हजारात एकावर येते. क्षणार्धात निकाल देणाऱ्या पानावर विश्वास ठेवू नये, ते याचसाठी.

कोअरच्या बाबतीत आणखी सावधपणा लागतो. किती कोअर आहेत हे ब्राउझर पानाला सांगतो, पण तो आकडा तार्किक कोअरचा असतो. दोन खऱ्या कोअरचा जुना आय-थ्री चार म्हणून दिसतो. काही ब्राउझर माणसाची ओळख पटू नये म्हणून हा आकडा जाणूनबुजून बदलतात किंवा त्याला मर्यादा घालतात. सगळे कोअर कामाला लावायचे तर पानाला ‘वेब वर्कर’ निर्माण करावे लागतात. एक, दोन आणि चार वर्कर घेऊन चाळणीचा प्रयोग केला, तर दोन खऱ्या कोअरच्या संगणकावर दोनपर्यंत चांगली वाढ दिसेल आणि चारला किरकोळ. पण सर्वसाधारण वेबपानाचा मुख्य कारभार एकाच धाग्यावर (थ्रेडवर) चालतो. लॅबसाठी संगणक निवडताना कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग आधी पाहावा, हे मत त्यावरूनच बनते.

अनेक चाचण्यांचे गुण एकत्र करताना जेटस्ट्रीमसारख्या चाचण्या भूमितीय सरासरी घेतात, आणि त्याला कारण आहे. समजा, एका संगणकाला दोन चाचण्यांत १० आणि १००० गुण मिळाले, दुसऱ्याला २० आणि ९००. साध्या सरासरीने पहिला ५०५ विरुद्ध ४६० असा पुढे राहतो, कारण मोठ्या आकड्यांची चाचणी लहान आकड्यांच्या चाचणीला गिळून टाकते. भूमितीय सरासरीत पहिला १०० वर राहतो आणि दुसरा सुमारे १३४ वर जातो. दुसरा संगणक एका कामात दुप्पट वेगवान आणि दुसऱ्यात फक्त दहा टक्के मागे आहे, हे वास्तव दुसऱ्या पद्धतीतच उमटते.

ब्राउझरचा वाटा

एकाच संगणकावर क्रोम, फायरफॉक्स आणि एज यांचे गुण वेगवेगळे येतात. एकाच ब्राउझरच्या दोन वर्षांच्या अंतराने आलेल्या आवृत्त्यांचेही येतात. जुन्या संगणकांच्या बाबतीत ही बाब फार महत्त्वाची ठरते. विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून तो दरवाजा बंद झाला. एखाद्या लॅबमध्ये निम्मे संगणक विंडोज ७ चे आणि निम्मे विंडोज १० चे असतील, तर गुणांतला काही फरक चिपचा नसून ब्राउझरच्या वयाचा असेल. यावर उपाय म्हणजे सगळीकडे एकच आवृत्ती वापरून मोजणे. फायरफॉक्स ११५ विंडोज ७ पासून विंडोज ११ पर्यंत आणि लिनक्सवरही चालते, म्हणून अशा तुलनेला ती सोयीची. आयफोनवर तर भारतात कोणताही ब्राउझर घेतला तरी आत वेबकिटच असते, त्यामुळे तिथे ‘क्रोम विरुद्ध सफारी’ अशी चाचणी घेण्यात अर्थ नाही.

काही सुरक्षा-सोयी चालू असतील तर यंत्रभाषेत उतरवण्याच्या वरच्या पायऱ्याच बंद होतात. आयफोनचा लॉकडाउन मोड आणि एजमधली कडक सुरक्षा ही त्याची उदाहरणे. अशा वेळी गुण निम्म्याहूनही खाली जाऊ शकतात आणि चिप मात्र धडधाकट असते. एक्स्टेन्शन, अँटिव्हायरसची तपासणी, मागे उघडे राहिलेले टॅब यांनीही गुण घसरतात. चाचणी चालू असताना दुसऱ्या टॅबवर गेले तर ब्राउझर मागचा टॅब मंद करतो आणि निकाल वायाच जातो.

उष्णता, धूळ आणि वीज

पेडणे-डिचोलीत चाचणी घेणाऱ्याने सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते इकडे. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी घड्याळगती कमी करतो. इंटेलच्या अनेक चिप्स १०० अंश सेल्सिअसच्या आसपास हे करू लागतात. ती मर्यादा किती लवकर गाठली जाईल हे खोलीतल्या हवेवर आणि हीटसिंकच्या अवस्थेवर ठरते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या किंवा कौलांच्या छपराखालची, वातानुकूलन नसलेली लॅब दुपारी चांगलीच तापते. सकाळी सातला घेतलेले गुण आणि दुपारी दोनला घेतलेले गुण वेगळे आले, तर चाचणी बिघडली असे समजू नये. संगणकाची दोन्ही वेळची क्षमता तिने प्रामाणिकपणे सांगितलेली असते.

डिचोली तालुक्यात त्यात धुळीची भर पडते. शिरगाव, मुळगाव, लामगाव हा पट्टा लोहखनिजाच्या खाणींचा. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, काही काळाने सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या, आणि लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीचा पट्टा पुन्हा जागा झाला. ट्रकांच्या रस्त्यालगतच्या इमारतींत तांबडी धूळ खिडकीच्या गजांवर बसते, तशीच ती संगणकाच्या आतही बसते. हीटसिंकच्या पात्यांमधल्या अरुंद फटी भरल्या की पंखा कितीही फिरला तरी हवा आरपार जात नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेने त्याच धुळीचा चिकट थर होतो, आणि तो ब्लोअरच्या हवेने सुटत नाही, ब्रश घेऊन खरवडावा लागतो. पेडण्याच्या किनारपट्टीवर, मोरजी-मांद्रे-हरमल भागात, धुळीऐवजी खारी हवा त्रास देते. पंख्याचे बेअरिंग आणि धातूचे जोड तिथे लवकर गंजतात.

ब्राउझरमधली चाचणी हे दुखणे पेटी न उघडता दाखवू शकते. जेटस्ट्रीम किंवा मूळ संख्यांचा प्रयोग वीस मिनिटे सलग, मध्ये न थांबता चालवावा आणि प्रत्येक फेरीचा निकाल कागदावर उतरवावा. निरोगी डेस्कटॉपचे आकडे फार हलत नाहीत. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर आकडा उतरत गेला आणि पंखा घोंगावू लागला, तर आधी साफसफाई करावी, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी आणि मग तीच चाचणी पुन्हा घ्यावी. साफसफाईआधीचा आणि नंतरचा कागद शेजारी शेजारी ठेवला की खर्चाचा हिशेब कोणालाही समजावता येतो. नवा संगणक मागण्याआधी एवढे केलेच पाहिजे. वेगात असलेला फरक केवळ धुळीमुळे असताना संगणक भंगारात जाणे हे सार्वजनिक पैशाचे नुकसान आहे.

विजेचा परिणाम लॅपटॉपवर जास्त होतो. बॅटरीवर असताना विंडोज आणि ब्राउझर दोघेही काटकसर करतात. पावसाळ्यात वीज गेल्यावर घेतलेले गुण चार्जर लावून घेतलेल्या गुणांशी जुळत नाहीत. बॅटरी खराब झालेले काही लॅपटॉप तर चार्जर लावूनही पूर्ण गतीला जात नाहीत. वापरलेला लॅपटॉप विकत घेताना, म्हणूनच, चाचणी दोन्ही तऱ्हांनी घेऊन पाहावी.

चाचणीला न दिसणारे

गुण चांगले येऊनही संगणक ‘हँग’ होतो, ही तक्रार फार आढळते आणि तिचे उत्तर बहुधा प्रोसेसरमध्ये नसते. ब्राउझरमधल्या बहुतेक चाचण्या डिस्कला जवळपास हात लावत नाहीत आणि स्मृतीही मर्यादितच वापरतात. ४ जीबी रॅम आणि फिरत्या चकतीची हार्ड डिस्क असलेल्या संगणकावर पाच-सहा टॅब आणि अँटिव्हायरस एकदम उघडले की रॅम संपते, विंडोज डेटा डिस्कवर ढकलू लागते आणि सगळे अडते. स्पीडोमीटर अशा वेळी, इतर सगळे बंद करून चालवल्यास, व्यवस्थित गुण देईल. अशा संगणकात एसएसडी आणि आणखी ४ जीबी रॅम टाकणे हा नव्या खरेदीच्या मानाने अगदी स्वस्त उपाय, आणि चाचणीचे चांगले गुण हाच प्रोसेसर ठीक असल्याचा पुरावा. गुणही कमी आणि धूळही काढून झालेली, असे असेल तेव्हाच प्रोसेसर म्हातारा झाला म्हणावे.

गोव्याला जुन्या संगणकांकडून काम करून घेण्याची परंपरा आहे. या शतकाच्या सुरुवातीला ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ने वापरलेले संगणक मिळवून, त्यांवर लिनक्स घालून शाळांना दिले. त्याच सुमारास मनोहर पर्रीकर यांच्या सरकारच्या सायबरएज योजनेतून हायर सेकंडरीच्या मुलांच्या घरी संगणक पोचले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. त्यामुळे तोच प्रश्न नव्याने उभा आहे. हे संगणक फेकायचे की लिनक्सवर न्यायचे, याचा निर्णय ब्राउझरच्या चाचणीने बराच सोपा होतो. दोन्ही प्रणालींवर एकच ब्राउझर चालवून पाहिला की त्या संगणकावर स्क्रॅच आणि सरकारी पोर्टले नीट चालतील का, हे आधीच कळते.

खरेदी आणि तपासणी

संगणकाच्या खरेदीत प्रोसेसरच्या नावावर फार विसंबतात. २०११ चा आय-फाइव्ह आणि २०२३ चा साधा इंटेल एन-१०० समोरासमोर ठेवले, तर नाव मोठे असलेला जुना आय-फाइव्ह एका कोअरच्या कामात पुढे असेलच असे नाही, आणि वीज तो कित्येक पट खातो. नूतनीकरण करून विकल्या जाणाऱ्या संगणकांच्या बाजारात हा गोंधळ रोजचा आहे. दुकानात बसूनच स्पीडोमीटर तीनदा चालवावे, मधला आकडा धरावा आणि त्याच किमतीच्या दुसऱ्या संगणकाशी ताडावा. चाचणीच्या एखाद्या पानाने चाचणी संपताच ‘संगणक वेगवान करा’ म्हणत एखादे सॉफ्टवेअर उतरवायला सांगितले, तर ते पान लगेच बंद करावे. वर नावे आलेल्या चाचण्या असे काही मागत नाहीत.

फोनसाठीही हीच रीत, फक्त फोनला पंखा नसल्याने उष्णतेचा परिणाम लवकर दिसतो. फोनबाबत आणखी एक अडचण आहे. मार्च २०२२ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस-२२ सह काही फोनांना गीकबेंच या चाचणी-अ‍ॅपच्या यादीतून वगळले गेले, कारण त्यांतली यंत्रणा हजारो अ‍ॅपांचा वेग रोखत होती, पण चाचणीच्या अ‍ॅपला मोकळे सोडत होती. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या चाचणीला अशी वेगळी वागणूक देणे कठीण, कारण फोनच्या दृष्टीने ती इतर पानांसारखेच एक पान असते.

पेडणे तालुक्यात तुये येथे इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनासाठी सुमारे सहा लाख चौरस मीटरची वसाहत आखलेली आहे. संगणकाची जुळणी कुठेही होवो, संस्थेने माल ताब्यात घेताना प्रत्येक पेटीची चाचणी घ्यावी. निविदेत प्रोसेसर, रॅम आणि डिस्क लिहिलेली असतेच. त्यात ब्राउझरची आवृत्ती, चाचणीचे नाव आणि आवृत्ती, वीस मिनिटांच्या सलग चालीनंतरचे किमान गुण, अशा चार ओळी वाढवता येतील. सारख्या वीस संगणकांत दोन-तीन टक्क्यांचा फरक स्वाभाविक आहे. एखादा पंधरा टक्के मागे असेल, तर त्याचा हीटसिंक नीट बसलेला नाही, रॅमची एकच पट्टी लावली आहे किंवा विजेची सेटिंग काटकसरीवर ठेवली आहे, यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता मोठी. ते वॉरंटीतच दुरुस्त करून घ्यावे. पहिल्या दिवसाचे गुण संगणकाच्या क्रमांकासह डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंदवून ठेवले, तर तीन वर्षांनी कोणी ‘मशीन स्लो झाले’ म्हटले की त्याच ब्राउझरच्या त्याच आवृत्तीवर पुन्हा मोजून ते तपासता येते.